कप धुण्याची पाळी

(सभागृहामागचं स्वयंपाकघर. रविवारची सकाळ. मंडळाच्या सभेत चहाची सुट्टी झाली आहे. सिंकमध्ये कपांचा ढीग.)

डॉक्टर: सोळा! सिस्टरबाई, सोळाच्या सोळा चिठ्ठ्यांवर एकच नाव आहे.

सिस्टरबाई: असेल. अक्षर कुणाचं आहे?

डॉक्टर: तुमचं.

सिस्टरबाई: मग नाव बरोबरच असणार. तो डबा खाली ठेवा आणि बाह्या वर करा. कपांत चहा वाळायला लागलाय.

डॉक्टर: शिंपीकाका, शिंपीकाका, शिंपीकाका... मी आपला पेन शोधत होतो म्हणून डबा उघडला, तर आत हे! आणि बाहेर केवढं नाटक! डबा हलवला काय, डोळे मिटले काय. ‘बघू या बाई, आज कप धुवायचं कुणाच्या नशिबात आहे!’

सिस्टरबाई: डोळे खरंच मिटले होते हो. त्यात लबाडी नव्हती.

डॉक्टर: हसताय काय? मी चिटणीस आहे मंडळाचा. हे मला सभेत सांगावं लागेल.

सिस्टरबाई: सांगा की. पण आधी सांगा, कधीपासूनचं सांगणार? आजचं, की तीस वर्षांचं?

डॉक्टर: तीस वर्षं तुम्ही हेच करताय?

सिस्टरबाई: प्रत्येक वेळी नाही. काही काही रविवारी खरी चिठ्ठीही काढते. हात साफ राहतो.

डॉक्टर: अहो, पण कशाला?

सिस्टरबाई: आम्ही बारा जण होतो तेव्हा कप होते अकरा. एकाला थांबावं लागायचं, दुसऱ्याचा पिऊन होईपर्यंत. तेव्हा कुणाचं काय चाललंय ते आपोआप कळायचं. पुढे माणसं वाढली, कपही वाढले. लोक यायचे, चहा प्यायचे, भाषण ऐकायचे, घरी जायचे. मग मीच नियम केला. सभेतल्या चहाचे कप दोघांनी धुवायचे, एक जुना आणि एक नवा. दोन डबे, दोन चिठ्ठ्या.

डॉक्टर: नियम मला माहीत आहे. छान आहे नियम. मोडताय तुम्हीच.

सिस्टरबाई: मोडत नाही, हलकासा धक्का देते. हे बघा, एकाने धुवायचं, एकाने पुसायचं. पुसणाऱ्याला ओल्या कपाची वाट बघावी लागते, आणि नुसतं उभं राहून माणसाला वाट बघता येत नाही. तो बोलतो. लोहार आणि बँकेचे साहेब, दोघांच्या घरांमधल्या भिंतीवरून नऊ वर्षं अबोला होता. मी त्यांना एका सिंकवर उभं केलं. विसाव्या कपापर्यंत दोघं घुम्यासारखे. एकविसाव्याला लोहार म्हणाला, ‘साहेब, बशी नीट पुसा.’ झालं, फुटलं तोंड.

डॉक्टर: आणि भिंत?

सिस्टरबाई: भिंत आहे अजून. त्यात आता दार आहे. लोहारानेच बसवलं.

डॉक्टर: ते ठीक आहे. पण आज शिंपीकाका? त्यांचा राजीनामा माझ्या खिशात आहे. घंटा झाली की पहिला विषय तोच, पत्र मी वाचणार. एकतीस वर्षांनी माणूस मंडळ सोडून चाललाय आणि शेवटच्या दिवशी आपण त्याच्याकडून कप धुऊन घ्यायचे? बरं दिसतं का ते?

सिस्टरबाई: का सोडताहेत ते?

डॉक्टर: पत्रात लिहिलंय की. ‘प्रकृतीच्या कारणास्तव.’

सिस्टरबाई: मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. त्या माणसाच्या प्रकृतीला काही झालेलं नाही. परवा माझ्यासमोर तीन जिने चढून गेले आणि वर जाऊन मलाच विचारलं, दम लागला का म्हणून.

डॉक्टर: मग मला खरंच कळत नाही. मी या वर्षी सभासदांच्या सहभागाचा तक्ता केलाय. सगळ्या सभांना येतो तो हिरवा, अधूनमधून येतो तो पिवळा, येतच नाही तो लाल. लाल लोकांना मी स्वतः फोन करतो. शिंपीकाका कायम हिरवे! एक सभा चुकवली नाही त्यांनी.

सिस्टरबाई: म्हणून तुम्ही त्यांना कधी फोन केला नाहीत.

डॉक्टर: हिरव्याला कशाला करायचा?

सिस्टरबाई: तेच तर. लाल सगळे जागेवर आहेत आणि हिरवा निघाला.

डॉक्टर: तुम्हाला कारण माहीत आहे. मला दिसतंय तुमच्या तोंडावर. सांगा ना.

सिस्टरबाई: माहीत आहे, पण सांगणार नाही. दुखतंय कुठे ते ज्याचं त्याने सांगायचं असतं. तुम्ही दातांचे डॉक्टर ना? शेजारच्याला विचारून कुणाचा दात उपटता का?

डॉक्टर: मला वाटलं, निदान माझी पाळी तरी आज योगायोगाने लागली.

सिस्टरबाई: नव्यांचा डबा उघडलात का?

डॉक्टर: नाही.

सिस्टरबाई: उघडू नका.

डॉक्टर: म्हणजे... थांबा. सिस्टरबाई! अठरा! अठराच्या अठरा माझ्याच नावाच्या?

सिस्टरबाई: काल दुपारभर लिहीत बसले. बोटं दुखली. आता घंटेला वीस मिनिटं आहेत आणि कप आहेत चौतीस. मी अध्यक्षीणबाईंना गोष्टीत गुंतवते, तेवढ्यात... या, शिंपीकाका, या! तुमचा जोडीदार कधीचा वाट बघतोय.

शिंपीकाका: कोण, डॉक्टर? अरे वा. पुसणार की धुणार?

डॉक्टर: तुम्ही म्हणाल ते, काका.

शिंपीकाका: तुम्ही धुवा. तुमचे हात रोज धुण्याचे. फडकं द्या इकडे. हे फडकं आहे? याच्या कडा कुणी घातल्यात? जाऊ दे.

सिस्टरबाई: मी बाहेर आहे हं. साखरेचा हिशेब बघते.

शिंपीकाका: साखरेचा कसला हिशेब असतो हो? गेल्या बघा. लबाड बाई.

डॉक्टर: काका, तुम्हाला ठाऊक आहे?

शिंपीकाका: चिठ्ठ्यांचं? सगळ्या जुन्यांना ठाऊक आहे. त्यांना सांगू नका, वाईट वाटेल. कप द्या.

डॉक्टर: हा घ्या. काका... प्रकृती कशी आहे?

शिंपीकाका: उत्तम.

डॉक्टर: पत्रात तर...

शिंपीकाका: पत्रात काहीतरी लिहावं लागतं. पुढचा.

डॉक्टर: काका, मी सरळच विचारतो. का चाललात?

शिंपीकाका: बशीला साबण राहिलाय.

डॉक्टर: काका.

शिंपीकाका: अहो, कपडा एकदम फाटत नाही डॉक्टर. एक टाका निघतो. तेव्हाच हात लावला तर दोन मिनिटांचं काम. नाही लावला की मग शिवण चालत जाते. सोडा ते. तुमचा दवाखाना काय म्हणतो?

डॉक्टर: दवाखाना राहू दे. टाका कुठे निघाला ते सांगा.

शिंपीकाका: शाळेच्या पायऱ्यांवर.

डॉक्टर: कुठल्या शाळेच्या?

शिंपीकाका: डोळे तपासणीचं शिबिर जिथे होतं त्या. दरवर्षीप्रमाणे मी साठ पिशव्या शिवल्या होत्या, चष्म्याच्या. आत मऊ कापड, वर बटण. प्रत्येकीचं बटण वेगळं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आपली पिशवी हाताने ओळखता येते. आठ वाजता जाऊन बसलो.

डॉक्टर: शिबिराच्या दिवशी तुम्ही आला नव्हतात, काका. मला चांगलं आठवतंय. आम्ही चष्मे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

शिंपीकाका: तुमच्या दिवशी नव्हतो आलो. मी त्याच्या आधीच्या रविवारी आलो होतो.

डॉक्टर: पण तारीख तर पुढे... डोळ्यांच्या डॉक्टरांना बाहेरगावी जावं लागलं म्हणून आपण आठवडाभर पुढे ढकललं. मी ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी वाचलं. मी मोजलं होतं ना, तेहतीसच्या तेहतीस!

शिंपीकाका: आपण मंडळात किती?

डॉक्टर: चौतीस.

शिंपीकाका: कप द्या. वाट बघतोय.

डॉक्टर: काका, तुम्ही ग्रुपवर नाही.

शिंपीकाका: माझा फोन साधा. बोलायचं आणि ऐकायचं, एवढंच येतं त्याला.

डॉक्टर: आणि तुम्ही तिथे किती वेळ...

शिंपीकाका: साडेदहापर्यंत. रखवालदार म्हणाला, आज काही नाही, शाळा बंद आहे. मी म्हटलं, येतील, आमची मंडळी जरा निवांत असतात. सुई-दोरा खिशात असतोच. त्याच्या शर्टाची बटणं चार रंगांची होती. म्हटलं, काढ बाबा, बसल्या बसल्या लावून देतो. मग त्याच्या बायकोने पडदा आणला. मग शेजारचे एक जण विजार घेऊन आले. साडेदहाला दोरा संपला, तेव्हा उठलो.

डॉक्टर: अरेरे. मला एक फोन तरी करायचा, काका!

शिंपीकाका: मी करायचा? बरं. आधीचे चिटणीस चपला दुरुस्त करायचे. तारीख ठरली की सायकलवरून यायचे आणि रस्त्यातूनच ओरडायचे, ‘रविवारी, आठला!’ अख्ख्या गल्लीला कळायचं. वर माझी कैची घेऊन जायचे, ती परत आणत नसत. त्यांच्या काळात कैच्या सात गेल्या, तारीख एकही चुकली नाही.

डॉक्टर: चुकलं माझं.

शिंपीकाका: त्याचं काही नाही हो. तारीख चुकते. मी राग धरला नव्हता.

डॉक्टर: मग?

शिंपीकाका: पुढचा कप.

डॉक्टर: नाही देत. मग काय, ते सांगा.

शिंपीकाका: शिबिरानंतरची सभा. कुणीतरी विचारलं, यंदा पिशव्या कुठे होत्या? तुम्ही उठून म्हणालात, ‘काकांचं आता वय झालं. माप लक्षात राहतं, माणसं विसरतात.’ सगळे हसले. चांगला होता विनोद. मीही हसलो. मागच्या रांगेत होतो मी.

डॉक्टर: म्हणजे तुम्ही तिथेच बसला होतात, आणि मी...

शिंपीकाका: नळ बंद करा. पाणी वाया चाललंय.

डॉक्टर: काका, मला... मला काय बोलावं कळत नाही.

शिंपीकाका: तुम्हाला? तुम्ही तर माणसाच्या तोंडात दोन्ही हात घालूनही गप्पा मारता म्हणे.

डॉक्टर: तुम्ही हसवू नका मला. मी आत जाऊन सांगतो सगळ्यांना. आत्ता.

शिंपीकाका: नको. कशाला तमाशा?

डॉक्टर: विनोद सगळ्यांसमोर केला. माफी काय या सिंकसमोर मागायची?

शिंपीकाका: हं.

डॉक्टर: हं म्हणजे?

शिंपीकाका: म्हणजे हे मापात बसतंय. कप द्या आता. बारा राहिलेत.

डॉक्टर: आणि त्या साठ पिशव्या?

शिंपीकाका: आहेत दुकानात. फळीवर. रोज दिसतात. बटणं डोळ्यांसारखी बघत असतात माझ्याकडे.

डॉक्टर: चष्मे ज्यांना दिले त्या साठ जणांचे पत्ते आहेत माझ्याकडे. आपण घरोघर नेऊन देऊ. दोघं. मी गाडी आणतो.

शिंपीकाका: साठ घरं? एका दिवसात होत नाहीत ती. म्हातारी माणसं दारातून सोडत नाहीत, बसवून घेतात.

डॉक्टर: मग चार रविवार लागू देत.

शिंपीकाका: तुमचा तो तक्ता काय म्हणेल? चार सभा बुडतील. तुम्ही लाल व्हाल.

डॉक्टर: होऊ दे लाल. मग मला फोन करा तुमच्या साध्या फोनवरून.

शिंपीकाका: बघू.

सिस्टरबाई: झाले का हो कप? अध्यक्षीणबाईंनी घंटा हातात घेतलीय. दोनदा काढून घेतली मी, तिसऱ्यांदा बरं दिसत नाही.

शिंपीकाका: सिस्टरबाई, पायऱ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं?

सिस्टरबाई: कुणी नाही. रखवालदार माझ्याकडे लस घ्यायला आला होता. शर्टाला सगळी बटणं एकसारखी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितली. मग विचारलं त्याला.

शिंपीकाका: आणि मग चिठ्ठ्या लिहिल्यात.

सिस्टरबाई: म्हणजे? तुम्हाला... डॉक्टर, तुम्ही सांगितलंत?

डॉक्टर: कसल्या चिठ्ठ्या, सिस्टरबाई?

सिस्टरबाई: ...काही नाही. साखर संपत आलीय, एवढंच सांगायला आले होते. या लवकर.

डॉक्टर: काका, घंटा झाली. पहिला विषय पत्राचा आहे. आधी मी माझं बोलतो. मग... पत्र वाचू?

शिंपीकाका: चिटणीस तुम्ही.

डॉक्टर: पण पत्र तुमचं. खिशात आहे. तुम्ही म्हणाल तर वाचतो, तुम्ही म्हणाल तर देतो परत.

शिंपीकाका: राहू दे तिथेच. आम्ही खिसे कशाला शिवतो?

डॉक्टर: म्हणजे नाही वाचायचं?

शिंपीकाका: दोन कप राहिलेत अजून. ते धुवा आधी. अर्ध्यावर काम टाकून कुणी उठतं का?

डॉक्टर: हा घ्या. आणि हा शेवटचा. मग मी उद्या येतो, पिशव्या बघायला. दवाखान्याच्या आधी, साडेआठला. चालेल?

शिंपीकाका: चालेल. आत जाऊ या.

डॉक्टर: काका, एक मिनिट. तुमचं दुकान नेमकं कुठे आहे? दोन वर्षं झाली मला मंडळात, पण मी... कधी आलोच नाही.

शिंपीकाका: विचारत या. कुणीही सांगेल.