आधी नुसतं दाखव

(लातूर. एका खासगी क्लासची कॉम्प्युटरची खोली, दुपार. तिथं काम करणारी महामाया आणि तिच्या आजोळच्या गावचे निवृत्त शिक्षक गुरुबसप्पा गुरुजी.)

महामाया : आता हे काय म्हणावं गुरुजी? 'पारावर बसलेले पाच जण, सहावा उठून गेला, म्हैस आपली नव्हे.' हे फाइलीचं नाव हाय?

गुरुजी : मग? त्या म्हशीवरून दोन वर्षं भांडण चाललं होतं गावात. नोंद नको?

महामाया : दोनशे चाळीस फोटो, अन् सगळ्यांना असलीच नावं. टीव्ही नावाच्या क्रमानं फोटो दाखवतो. उद्या म्हैस आधी यील अन् माणसं मागून.

गुरुजी : तेच तर नको आहे. उद्या तीस सप्टेंबर. भूकंपाला पंचवीस वर्षं होतात. गेलेल्यांचे फोटो आधी, एकेका फोटोला एकेक दिवा. मग वाचलेल्यांचे. दरसाली मी यादी हातात धरून वाचायचो. यंदा पोरांनी टीव्ही आणला.

महामाया : आधी बसा. चहा सांगू?

गुरुजी : चहा नको. पाचची निलंगा गाडी गाठायची आहे. तू एकेक नाव बदल, मी सांगत जातो.

महामाया : एकेक करत बसलं तर दिवाळी यील. मी इथं आठशे पोरांच्या पेपरांची नावं एका ओळीत बदलते. गेलेल्यांच्या नावाआधी काय लिवलंय तुम्ही?

गुरुजी : कै.

महामाया : मग झालंच की. ह्या काळ्या पडद्यावर लिहायचं, सुरुवातीला कै. असलं अन् पुढं काहीबी असलं, तर त्याच्या आधी एक आकडा लाव. ही चांदणी म्हंजी काहीबी.

गुरुजी : एवढ्यावर ते ऐकतं?

महामाया : पोरांपरीस बरं ऐकतं. म्हणून तर भ्या वाटतं. मागं एकदा मी न बघता ओळ चालवली, तर अख्खी बॅच वैष्णवी एक, वैष्णवी दोन, वैष्णवी तीन झाली. तवापासून मी आधी नुसतं दाखव म्हणते. काय करणार ते दाखव, करू नको.

गुरुजी : हे बरं आहे. मुख्याध्यापक असताना मला हे मिळायला हवं होतं.

महामाया : निघाले. एकोणीस.

गुरुजी : एकोणीस? एकट्या आमच्या गल्लीत तीस गेले.

महामाया : कै.वाले एवढेच हायत.

गुरुजी : अगं, आमच्या लिंगायतांत कै. कुठं लिहितात? लिंगैक्य. मी लिं. लिहिलंय.

महामाया : मग आमच्या बौद्धांतल्यांना?

गुरुजी : कालकथित. तुझा आजा व्यंकटी आहे बघ त्यात, फेटा बांधलेला. मशिदीमागच्यांना मरहूम. ज्याला जे लागतं ते लावलंय, कुणाची तक्रार नको.

महामाया : मेल्यावर तरी एका नमुन्यात बसायचं हो.

गुरुजी : जिवंतपणी बसले नाहीत, आता काय बसतात.

महामाया : बरं, चारी टाकले. आता एकशे सतरा निघाले. वाचते. लिंबाजी चक्कीवाला.

गुरुजी : लिंबाजी? सकाळी त्यानंच मला गाडीत जागा धरून दिली.

महामाया : थांबा, माझ्याकडून 'लिं'च्या पुढचं टिंब राहिलं. 'लिं'नं सुरू होणारं सगळंच उचललं त्यानं. हं, सुटले लिंबाजी. पुढं, लिं. गुंडप्पा. हे कोण?

गुरुजी : आहे एक.

महामाया : गुंडप्पाकाका? परवा नातवाला क्लासला सोडायला आलते की. माझ्याशी बोलून गेले.

गुरुजी : माझ्यासाठी गेला तो.

महामाया : कामून?

गुरुजी : बांध कोरला त्यानं माझा. दोन हात.

महामाया : उद्या ते समोर बसतील अन् टीव्हीवर त्यांच्याच फोटोला दिवा लागंल.

गुरुजी : लागू दे.

महामाया : गुरुजी.

गुरुजी : बरं, काढ लिं. पण फोटो शेवटी टाक.

महामाया : टाकते. आता राहिले ते जिवंत. हजेरी घेते, तुम्ही सांगा. शरणम्मा, चष्मा नवा.

गुरुजी : उमरग्याला, लेकीकडे.

महामाया : हणमंत, परीक्षेला निघाला.

गुरुजी : पुण्यात. परीक्षा राहिली ती राहिलीच.

महामाया : नीलाबाई, सायकलवर, पडायच्या आधी.

गुरुजी : पुढचं वाच.

महामाया : ह्या कुठं असतात?

गुरुजी : पुढचं वाच म्हटलं ना.

महामाया : नीलाबाई म्हंजी काकू ना, तुमच्या घरच्या? आजी सांगायची, आख्ख्या गावात सायकल शिकलेली एकच बाई.

गुरुजी : शिकली कुठं. मी मागून धरायचो. फोटो काढायला म्हून हात सोडला, अन् पडली. आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी.

महामाया : अन् भूकंपात?

गुरुजी : मी उदगीरला होतो, शिबिराला. ती घरात.

महामाया : त्यांना दिवा लागतो का दरसाली?

गुरुजी : यादी मीच वाचायचो. एक नाव गाळलं तर कोण इचारतंय? पंचवीस वर्षं लिं. लिवायला हात धजला न्हाई बघ. तिच्या नावामागं ते बघवत न्हाई मला.

महामाया : कुणालाच कळलं न्हाई?

गुरुजी : गुंडप्पाला कळलं. एका साली घरी आला अन् म्हणला, वहिनीचा दिवा मी लावून आलो. तवापासून त्याच्याशी बोललो न्हाई मी.

महामाया : मग बांध?

गुरुजी : बांध कोरलाच हाय त्यानं. पण ते नंतर.

महामाया : काय करायचं मग? टीव्ही काय गाळत न्हाई. असंच ठेवलं तर काकू वाचलेल्यांत येतील, अख्ख्या गावासमोर.

गुरुजी : तुझ्या त्या चांदणीनं होतंय का?

महामाया : एकट्या नावाला चांदणी लागत न्हाई. हातानं लिवावं लागतं. सरका इकडं. इथं लिं. लिवा.

गुरुजी : आधी नुसतं दाखव.

महामाया : दाखवते. 'लिं. नीलाबाई, सायकलवर, पडायच्या आधी.' बराबर?

गुरुजी : बराबर हाय.

महामाया : आता एंटर. ते तुम्हीच दाबा.

गुरुजी : दाबलं की ती दिव्याच्या रांगेत?

महामाया : हाव.

गुरुजी : मग आधी चहा सांग.

महामाया : पाचची गाडी जाईल तुमची.

गुरुजी : जाऊ दे.