बरोबर की बरोबरी?

मंडळी, ऐका! माणूस ऐकतो कशानं? कानानं म्हणता? बघू हं.

साठीपुढच्यांची बुद्धिबळ स्पर्धा – शेवटची फेरी. एका बाजूला वामनराव टिळेकर, गणिताचे निवृत्त मास्तर. तीस वर्षं कुठल्याही स्पर्धेत कायम दुसरा नंबर! आज जिंकले तरच पहिला. बरोबरी झाली तरी पुन्हा दुसरा. समोर हणमंतराव पाटणे – कानात मशीन, तेही मर्जीनं चालणारं. पटावर हणमंतरावांचा नुसता राजा उरलेला. वामनरावांकडे राजा आणि वजीर. जिंकलेलाच डाव!

पण मास्तरांना एक खोड. समोरच्यानं चाल केली की पुटपुटायचं, "बरोबर." जन्मभर वह्या तपासल्या ना!

हणमंतरावांनी राजा सरकवला. मास्तर म्हणाले, "बरोबर."

हणमंतरावांना काय ऐकू आलं? "बरोबरी?" त्यांनी आनंदानं हात पुढे केला, "मान्य!"

मास्तरांना वाटलं, हार मान्य! हात मिळवला. डोळे भरून आले हो.

पंच आले. "निकाल?"

"मी जिंकलो."

"छे, बरोबरी झाली. यांनीच मागितली."

आता सांगा, खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही! मग खरं काय? मंडळी, इथं माझाही गोंधळ होतो.

पंचांनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "गैरसमज दिसतोय. घड्याळ सुरू करा, खेळा पुढं."

मास्तर चिडले. मी आणि बरोबरी मागेन? तावातावानं वजीर उचलला, राजाशेजारच्या घरांवर मारा धरून ठेवून दिला. "संपलं!"

पंच वाकून बघतात, "वामनराव, शह कुठाय?"

शह नाही – आणि राजाला हलायला घरही नाही! असं झालं की नियमानं काय? बरोबरी!

हणमंतरावांना काहीच कळेना. "हरलो ना मी?"

"बरोबरी," मास्तर कसेबसे म्हणाले.

"बरोबर. छान खेळलात हो," म्हणून हणमंतराव हार मानून आपला राजा आडवा करायला लागले. मास्तरांनी त्यांचा हात धरला. कानाशी तोंड नेलं आणि तीस वर्षांची आशा स्वतःच मोडत ओरडले, "बरोबरी! हणमंतराव, तुम्ही हरला नाहीत!"

मंडळी, घरात बायको "बरं" म्हणते, तुम्ही "हो" ऐकता. देव "थांब" म्हणतो, तुम्ही "घे" ऐकता. मग कान कशाला दिलेत? हसू नका. मीही इतकी वर्षं तुमच्या टाळ्या ऐकतोय, आणि त्या कीर्तनाला की कीर्तन संपल्याला, हे मला अजून कळलेलं नाही.