नाव घेतल्याशिवाय घाव नाही

मंडळी, एवढं सांगा बरं — देवाचं नाव घेणं अवघड, की माणसाचं? देवाचं म्हणता? वा! मग ऐका.

यंत्रं यायच्या आधीची गोष्ट. चांद्याकडच्या सागाच्या रानात मुखरू आणि डोमा एका करवतीवर होते. करवत पुरुषभर लांब, दोन टोकांना दोन मुठी. नातं काय? साडू! म्हणजे तक्रार करायला सासरा एकच!

मुखरू मोठा भाविक. उठल्याउठल्या विष्णूची हजार नावं — तोंडपाठ! एकदा चारचौघांत डोमा म्हणाला, "साडूबुवा, नावं हजार येतात, करवतीला धार मात्र लावता येत नाही!"

झालं! अबोला! बारा दिवस! करवत चालूच हो — एकानं ओढायची, दुसऱ्यानं सैल सोडायची. हात बोलत होते, तोंडं तेवढी बंद!

रानाचा नेम होता. झाड पडायचं त्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच, मागून करवत, मग फटीत पाचर. पाचरीवर शेवटचा घाव घालायच्या आधी जोडीदाराला नावानं हाक मारायची. "ओ" आली, की मगच घाव.

त्या दिवशी घण मुखरूच्या हातात. डोमा पाण्याचा तुंबा आणायला गेलेला. कुठं, ते झुडपांत दिसेना. मुखरूच्या जिभेवर नाव आलं... आणि गिळलं! नुसतंच ओरडला, "ए! झाड येतंय!"

उत्तर नाही.

"रुसलाय, दुसरं काय!" मुखरू पुटपुटला. घातला घाव!

साग कण्हला. पडला. फांद्यांखाली आधी फुटलेला तुंबा दिसला. मग पाय.

"डोमा! अरे डोमा!" बारा दिवसांचं तुंबलेलं नाव मुखरूच्या तोंडातून फुटलं.

"ओ..." छातीवर फांदी, तरी डोमानं ओ दिली. "मघाशी ऐकलं होतं रे. म्हटलं, नाव घेईल... मग देऊ ओ."

पुढच्या हाकांना ओ आली नाही.

मुखरू म्हातारा होऊन मेला. करवतीची दुसरी मूठ त्यानं कुणाला धरू दिली नाही. हजार नावंही सोडली. रोज सकाळी एकच घ्यायचा.

आता, मंडळी — एक भाऊ झांजा घेऊन या खांबाला टेकलाय, त्याच्याशी अबोला धरलेला दुसरा मुद्दाम त्या खांबाला. मी उभा आहे, मला सगळं दिसतं! बुवा, झांजा खाली ठेवा. गजर नंतर. आधी भावाला हाक मारा, नावानं. आणि अहो पलीकडचे, तुम्ही नावाची वाट बघत बसू नका!

मी थांबतो. पाचर मारलेलं झाड थांबत नाही.