वासावरून मीठ

जुईली : राहू द्या ते पातेलं, लीलाकाकू. मी घासते. तुम्ही बसा आधी.

लीलाबाई : घासू द्या वो मॅडम. ते नासकं दूध मीच त्याच्यात ओतलं, मीच घासतो. अन् सांगून ठेवतो, पुढच्या रविवारी मी क्लासले काई येत नाई.

जुईली : एवढ्यासाठी? अहो, चूक माझी. सकाळी आजच्या थायलंडच्या रश्श्यासाठी नारळाचं दूध काढून ठेवलं आणि लाईट गेली. फ्रिज सहा तास बंद. या उकाड्यात ते नासणारच.

लीलाबाई : दुधाचं नाई म्हणत मी. बाकीच्या सहा जणी नाकाले पदर लावून मांगं सरकल्या. अन् मी मधात उभी राहून पळी फिरवून राहिली, अन् म्हणून राहिली, वा, काय झक्कास वास सुटला थायलंडचा!

जुईली : त्यातल्या रमावहिनींना वाटलं तुम्ही गंमत करताय.

लीलाबाई : तुमाले काय वाटलं?

जुईली : मला मागचे रविवार आठवले. जेवायच्या आधी आपण डोळे मिटून एकेकीनं वास सांगतो ना, तेव्हा तुम्ही कायम शेवटी बसता. आधीची जे बोलली तेच जरा नटवून सांगता. आज तुमच्या आधी बोलायला कोणी नव्हतं.

लीलाबाई : नजर बाकी चांगली हाय तुमची.

जुईली : काकू, तुम्हाला वास येत नाही का?

लीलाबाई : दार लोटा आधी.

जुईली : लोटलं. सगळ्या गेल्यात. बोला.

लीलाबाई : त्या मोठ्या बिमारीत गेला तो गेलाच. जीव वाचला म्हणून गावभर पेढे वाटले आमच्या यायनं. मी पेढा नाकापाशी नेला, अन् तवाच समजलं. चार वर्षं झाले.

जुईली : घरी कोणाला माहीत आहे?

लीलाबाई : कोणाले नाई. यायलेबी नाई. आमच्या गावात, भातकुलीत, कोणाचं लग्न असो, बारसं असो, रस्सा करायले मलेच बोलवतात. कावून? तं लीलाबाई चाखत नाई, वासावरून मीठ सांगते. तीस वर्षं सांगितलं. आता म्हणू का, बापा, माझं नाकच गेलं? मंग चुलीपाशी माझं काय काम?

जुईली : मग इतकी वर्षं निभावलं कसं?

लीलाबाई : डोळ्यानं, कानानं. फोडणी बोलते नं वो. पण लय थकते माणूस. घरी पुरणाची डाळ शिजते. कसा वास येते ते मले पक्कं मालूम हाय. अन् तो येत नाई. दर खेपेले नव्यानं येत नाई.

जुईली : आणि तरी स्वयंपाकाच्या क्लासला आलात!

लीलाबाई : हसू नका हं. तुमच्या या देशांचं मले काईच आठवत नाई, म्हणून काई गेल्यासारखंबी वाटत नाई. त्या तुर्कस्तानच्या वांग्याले वास कसा, मले कुठं ठाऊक? मंग मीच एक लावून देतो. इथून सूनबाईच्या गाडीवर मांगं बसतो, डोळे मिटतो, अन् घरापर्यंत नुसती हिंडतो. बडनेऱ्याच्याबी पुढं कधी गेली नाई मी, पण त्या अर्ध्या घंट्यात समुद्र ओलांडतो.

जुईली : जपानला कोणता लावलात?

लीलाबाई : तुमचं ते आंबवलेलं सोयाबीन होतं नं? त्याले म्या पहाटचं ओलं वावर लावलं. काळी माती, दव पडलेली, अन् दूर कोणीतरी तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या पेटवल्या. बराबर हाय का?

जुईली : माझ्या सांगण्यापेक्षा बरं आहे. काकू, मीही एक सांगू? माझा पासपोर्ट कोरा आहे. बाहेर पाटी लावलीय, आठ रविवार, आठ देश. पण मी त्यातल्या एकाही देशात गेलेली नाही. व्हिडिओ बघून शिकले. थायलंड शिकवताना मला एक नदी दिसते, होडीत बसून बायका शिजवताहेत, वाफेत त्यांचे चेहरे दिसत नाहीत. खरी कशी असेल देव जाणे.

लीलाबाई : मलेबी होडीच दिसली वो! तिच्यात तुमी होत्या, गाऊनवर.

जुईली : मग येत राहा ना. तीन देश राहिलेत अजून.

लीलाबाई : आज साऱ्यायच्या समोर झालं ते झालं. पण खरं भेव दुसरंच हाय. आठ दिवसांवर महालक्ष्म्या आल्या. नैवेद्य दाखवल्याबिगर जिभेले काई लावता येत नाई. सारं नाकावर. मागच्या साली कढी बुडाले लागली अन् मले पत्ताच नाई. पंगत चूपचाप जेवली. वऱ्हाडातली पंगत चूप राहते का कधी? कोणी नाव ठेवलं असतं तं बरं वाटलं असतं. यंदा असंच झालं तं मी पुन्हा चुलीपाशी उभी राहात नाई.

जुईली : सूनबाईला सोबत घ्या ना.

लीलाबाई : आचलले? तिचा तं उलटा डोक्याले ताप. सारखी बडबडते. आई, कांदा गोडसर झाला. आई, तूप आता खमंग आलं. आई, दूध जरासंक धुरावलं. म्या म्हटलं, मी का लहान लेकरू हावो? तरी चालूच.

जुईली : पहिल्यापासून अशीच आहे?

लीलाबाई : नाई नं! नवी आली तवा तोंडातून शब्द नाई निघे. मागच्या महालक्ष्म्यांनंतरच हे भूत शिरलं.

जुईली : कढीनंतर.

लीलाबाई : हो, कढीनंतरच...

जुईली : काकू, क्लासला तुमचं नाव तिनंच घातलं ना? फोनवर तिनं मला फी विचारली नाही, वेळ विचारली नाही. म्हणाली, तुमच्या जुन्या क्लासच्या व्हिडिओत बाया डोळे मिटून वास सांगतात, ते दर रविवारी सांगतात का? मी म्हटलं हो. म्हणाली, मोठ्यानं? मी म्हटलं, अगदी मोठ्यानं. म्हणाली, मग आईंचं नाव लिहून घ्या.

(लीलाबाई हातातली घासणी न भिजवताच खाली ठेवतात. खाली गाडीचा हॉर्न वाजतो. थोड्या वेळानं दार लोटून आचल आत येते.)

आचल : आई, किती वेळची हॉर्न वाजवून राहिली मी. झालं का थायलंड?

लीलाबाई : आचल, इकडं ये. हे पातेलं अजून धुतलं नाई. वास घे बरं.

आचल : मी? कावून?

लीलाबाई : घे म्हटलं नं.

आचल : नारळ... खवट हाय आई. पण त्याच्या खाली दुसरं काईतरी हाय. लिंबाची पानं चुरगाळल्यासारखं. अन् अजून खाली, पावसात भिजलेलं लाकूड असते नं, तसं.

लीलाबाई : मॅडम, नदीच हाय ते.

जुईली : हो. होडी पण.

आचल : कोणती होडी? आई, डोळ्यात काय गेलं तुमच्या? मिरची?

लीलाबाई : मिरचीच समज. तुले कवापासून मालूम हाय?

आचल : ...कढीपासून. तुमी सांगत नव्हत्या, मंग मी कसं म्हणू? म्हणून नुसती बोलत राहिली.

लीलाबाई : अन् मी तुले चूप बस म्हणत होती.

आचल : मी कुठं बसली?

लीलाबाई : यंदा नैवेद्याच्या दिवशी माझ्यापाशी उभी राय. अन् असं पुटपुटू नको. पाहुण्यांदेखत मोठ्यानं बोलजो.

आचल : बोलीन. पण आई, मिठाचं कसं? वासावरून मीठ मले नाई समजत.

लीलाबाई : मीठ बराबर पडलं की वास जरा खाली बसते. कसा बसते ते मी सांगीन तुले. बसला का, ते तू मले सांगजो.