शाई संपत आली, संपली नाही

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, टाळ्याही वाजवल्यात. आता हात मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या.

इशारा मिळाला तर माणसानं करावं काय?

डॉक्टर म्हणाले, 'साखर जरा वाढलीय हं.' एक जण घरी येतो आणि मृत्युपत्र करायला बसतो. दुसरा घरी जाताजाता जिलबी घेतो! — हसलात? म्हणजे दोघंही इथंच बसलेत! पण सांगा मला, यातला शहाणा कोण? इशाऱ्याला घाबरावं, की इशारा झटकून टाकावा? आणि हातातली गोष्ट खरंच संपली, हे ओळखायचं कसं?

ऐका तर मग.

शिरसवड नावाचं बाजारपेठेचं गाव. स्टँडासमोर एक फोटो स्टुडिओ. मालक निवृत्ती लोंढे. नाव निवृत्ती — पण काळजीतून हा गृहस्थ कधी निवृत्त झाला नाही! गाडीतलं पेट्रोल अर्ध्यावर आलं की याच्या छातीत धडधड. आभाळ जरा भरून आलं की भर दुपारी शटर खाली! त्याची बायको रत्नप्रभा. तिचा स्वभाव कसा? आमच्या पेटीवाल्या काकांच्या सुरासारखा. एकदा लागला की हलायचा नाही!

आणि घरात तिसरी, निवृत्तीची आई. अनुसयाबाई. गोरीपान, ठेंगणी, अंगावर कायम ती डाळिंबी साडी. हल्ली म्हातारी विसरायला लागली होती. चहा घेतला की नाही, आठवेना. शेजारणीचं नाव आठवेना. डॉक्टर म्हणाले, "स्मरण कमी होत चाललंय, लक्ष असू द्या. पण त्यांना कामात ठेवा, जमेल तोवर करू द्या."

निवृत्तीनं ऐकलं किती? पहिलं अर्धं वाक्य!

"आई, गॅसजवळ जायचं नाही. आई, कणीक मळू नको, तू मीठ दोनदा घालतेस. आई, देवळात एकटी जाऊ नको." — सगळं काढून घेतलं! आणि म्हातारीला आणून बसवलं कुठं? स्टुडिओत, खुर्चीवर, डोळ्यांसमोर. ती विचारायची, "निवृत्ती, मी काय करू रे?"

"तू बस."

थोड्या वेळानं पुन्हा, "निवृत्ती, मी काय करू?"

"काही नाही गं. बस!"

प्रेम नव्हतं का? होतं की! जीव टाकायचा आईवर. पण घाबरलेल्या माणसाचं प्रेम कसं असतं, मंडळी? ते मिठी मारत नाही, ते कडी लावतं!

आता त्या दिवशी काय झालं? निवृत्ती लग्नाचे फोटो छापत होता. त्याच्याकडे रंगीत प्रिंटर. त्यात शाईची वेगवेगळी कार्ट्रिज असतात — काळं, निळं, पिवळं, गुलाबी. लाल वेगळं नसतं; गुलाबी आणि पिवळं मिळून लाल उमटतं. छापताछापता मशीनवर दिवा लागला, आणि अक्षरं उमटली: 'गुलाबी शाई कमी आहे.'

झालं! निवृत्तीला दरदरून घाम.

अहो, ते मशीन काही आत डोकावून बघत नाही! किती छापलं त्यावरून ते अंदाज बांधतं आणि आधीच सांगून ठेवतं — बाबा रे, संपत आलीय, दुसरं आणून ठेव. 'संपत आली' म्हणतं. 'संपली' म्हणत नाही! पण घाबरलेल्या कानाला हे दोन शब्द एकच ऐकू येतात.

रत्नप्रभा म्हणाली, "अहो, फोटो बघा की! नवरीचं कुंकू कसं लालभडक आलंय. काढताय कशाला?"

"मध्येच संपली म्हणजे? नंतर पंचाईत नको!"

काढलं कार्ट्रिज, टाकलं कचऱ्याच्या डब्यात. कपाटातून दुसरं काढलं. आता गंमत ऐका — गंमत कसली, दैना! हे दुसरं कार्ट्रिज या गृहस्थानं आणल्याआणल्याच फोडून ठेवलं होतं. ऐनवेळी पाकीट फोडायची घाई नको म्हणून! पत्र्याखालचं कपाट, उन्हाळ्याची तलखी. आतली शाई केव्हाच वाळून गेलेली! मशीनमध्ये घातलं, छापलं — गुलाबी रंगाचा थेंब नाही. पुन्हा साफ करतोय, पुन्हा छापतोय, मशीनमध्ये डोकं खुपसून बसलाय.

आणि त्याच वेळी मागं म्हातारी खुर्चीतून उठली.

"निवृत्ती, मी जरा माहेरी जाऊन येते."

त्यानं मान वळवली नाही. म्हणाला, "हां हां."

मंडळी, तो नुसता तोंडानं 'हां' म्हणाला. पण तिनं ते मनापासून ऐकलं! पोरानं परवानगी दिली. पदर सावरला आणि अनवाणी पायरी उतरली.

निवृत्तीनं मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी.

"प्रभा! आई आत आहे का?"

"नाही. तुमच्याजवळच होत्या ना?"

मंडळी, तिथून पुढं त्या दोघांची जी धावपळ झाली, ती वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये. देऊळ पाहिलं, स्टँड पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं. हो, विहिरीतही पाहिलं!  चौकीत कळवलं. मोबाईलवर फोटो टाकला. अख्ख्या गावानं पुढं पाठवला, खाली हात जोडलेली चित्रं टाकली आणि जो तो आपापल्या पंख्याखाली बसला!

रत्नप्रभा म्हणाली, "रस्त्यावर उभ्या माणसांना फोटो पाहिजे. टपरीवाल्यांना, पंपावर, जीपवाल्यांना. कागदावर छापू या."

"छापू कशानं? गुलाबी चालतच नाही!" निवृत्ती ओरडला. "चेहरा हिरवा येईल तिचा!"

रत्नप्रभा उठली. तिनं कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला. कागदाचे कपटे, चहाचा चोथा, आणि त्यात ते टाकून दिलेलं कार्ट्रिज. पदरानं पुसलं, जागेवर बसवलं. दिवा लागला — 'शाई कमी आहे.'

"बघ! बघ, कमी आहे म्हणतंय!"

"म्हणू द्या. कागद काय म्हणतोय ते बघू."

याच डाळिंबी साडीतला म्हातारीचा दिवाळीचा फोटो होता, तो लावला. मशीन घरघरलं. कागद इंचाइंचानं बाहेर येतोय... दोघं वाकून बघताहेत... आणि आली! जशीच्या तशी आई! गोरा चेहरा, डाळिंबी साडी. दुसरा कागद — छान! तिसरा — छान! तो दिवा आपला लुकलुकतोय आणि मशीन आपलं छापतंय!

रत्नप्रभानं तयार कागद उचलले, शेजाऱ्यांना हाका मारल्या. निघताना नवऱ्याला म्हणाली, "साडीकडं लक्ष ठेवा. रंग फिरला की थांबायचं. तसला एकही कागद बाहेर द्यायचा नाही. लोक तोच रंग शोधत बसतील."

गेली ती. एक कागद पंपावर लावला. एक धरणाच्या भिंतीजवळ, शेवंताबाईच्या चहाच्या टपरीवर पाठवला. इकडे निवृत्ती एकटा. कागद येताहेत. आणि एक कागद आला... साडी जरा फिकी. पुढचा आला, त्यात साडी विटकरी. त्याच्या पुढचा — साडी शेवाळी! चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा!

आता संपली होती. आता खरंच संपली होती, मंडळी!

तेवढ्यात बाहेर हॉर्न. सीट भरून वडाप करणारा जीपवाला, जब्बारभाई. "लोंढेशेठ, मी धरणाच्या रस्त्याला निघालोय! द्या कागद, काचेला लावतो!"

निवृत्तीच्या हातात तो शेवाळी कागद. त्याला दिसत नव्हतं का? दिसत होतं! पण मनात म्हणाला, 'चेहरा तर कळतोय ना.' आणि दिला! दुपारी जो नुसत्या दिव्याला घाबरला, तो आता डोळ्यांसमोरच्या कागदाला मान देईना! का? मान दिला तर थांबावं लागलं असतं. हात रिकामे ठेवून उभं राहावं लागलं असतं. ते सोसवत नव्हतं त्याला!

जीप निघाली. पूल ओलांडला. ऊन उतरायला लागलेलं. आणि रस्त्याच्या कडेनं एक म्हातारी चाललीय... अनवाणी... डाळिंबी साडी!

जब्बारभाईनं ब्रेक दाबला. काचेवरचा कागद बघितला, म्हातारीकडे बघितलं. कागदावरची बाई पिवळी, शेवाळी साडीतली. ही गोरी, डाळिंबी साडीतली. तरी त्यानं विचारलं, "आजी, कुठं निघालात?"

"माहेरी, आंबेदऱ्याला. हे काय, आलंच."

एवढ्या ठामपणे बोलली! याला वाटलं, ही काही हरवलेली बाई नव्हे. आणि गेला पुढं!

मंडळी, आंबेदरा कुठंय, ठाऊक आहे? धरणाच्या पाण्याखाली! गाव उठून कैक वर्षं झाली. जुना रस्ता तेवढा राहिलाय. उतरत उतरत जातो आणि सरळ पाण्यात शिरतो. जब्बारभाई बाहेरचा. नव्यानंच जीप घालू लागलेला. त्याला काय माहीत!

तो पोचला शेवंताबाईच्या टपरीवर. चहाचा ग्लास हातात घेतला आणि समोर पाहिलं तर खांबाला फोटो. डाळिंबी साडी.

"ताई, ही कोण?"

"लोंढे फोटोवाल्याची आई. हरवलीय."

"मग माझ्या काचेवर कोणाय?"

शेवंताबाई जीपजवळ आली, निरखून पाहिलं. "अरे, तीच की! पण हा कसला रंग?"

"मी आत्ता पाहिली तिला! आंबेदऱ्याला निघालेय म्हणाली."

शेवंताबाईचा हात तोंडावर गेला. "भाऊ, आंबेदरा पाण्यात आहे!"

ग्लास तिथंच टाकला त्यानं! माणसांनी भरलेली जीप तशीच उलटी फिरवली. एका हातानं निवृत्तीला फोन. आंबेदऱ्याच्या फाट्यावर आला तर म्हातारी नाही! जुन्या रस्त्यानं पळत सुटला, मागं जीपमधली माणसं...

कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

हलत नव्हती. नुसती समोर बघत होती. जब्बारभाईनं जाऊन दंड धरला, पण ती मागं फिरेना. "आमचं घर कुठं गेलं?" एवढंच म्हणे. बळजबरी करावी तर पाय घसरून दोघंही खोल जातील. तसाच धरून उभा राहिला तो, निवृत्ती-रत्नप्रभाची गाडी येईपर्यंत.

निवृत्ती आला. चपलांसकट पाण्यात शिरला.

"आई, चल घरी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. म्हणाली, "नको. त्या घरात मला काही काम नाही. इथं आई मला कणीक मळायला देते."

काठावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. निवृत्तीनं तिचा हात हातात घेतला. मग कसाबसा म्हणाला, "तूच मळ, आई. आज घरी तूच मळ."

"मी? आणि मीठ दोनदा पडलं तर?"

काठावरून रत्नप्रभा ओरडली, "मीठ मी घालते! तुम्ही या!"

आणि म्हातारी वळली. स्वतःहून वळली!

त्या रात्री जेवायला त्या घरात सुनेच्या मिठाच्या आणि सासूच्या हातच्या पोळ्या होत्या. पुढं निवृत्तीनं नवीन कार्ट्रिज आणलं. न फोडता, पाकिटासकट सावलीत ठेवलं. दिवा लागला की ते हाताशी घ्यायचा, पण फोटोतला रंग फिरेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. आणि रंग फिरला की एकही कागद पुढं छापायचा नाही!

आणि अनुसयाबाई? कणीक मळत राहिली, सून शेजारी बसून. मग एक दिवस परातीत हात घातला आणि तशीच थांबली. पुढं काय करायचं, तेच आठवेना. हातांकडे बघत बसली. निवृत्ती उठला. आईचे हात पाण्यानं धुतले, पुसले, परात स्वतःकडे ओढली आणि म्हणाला, "तू पुष्कळ केलंस, आता मी करतो." ती हसली. त्या दिवशी त्यानं काम काढून घेतलं, मंडळी! आधी नाही, नंतर नाही.

आता बोला! तुमच्या घरात कोणाचा दिवा लागलाय? कोणाचा हात थरथरतो म्हणून कपबशी काढून घेतलीत? कोण एकच गोष्ट चारदा सांगतो म्हणून त्याच्याशी बोलणंच बंद केलंत? आणि कोणाचा रंग तुमच्या डोळ्यांदेखत फिरलाय, तरी 'चेहरा तर कळतोय ना' म्हणून डॉक्टरकडे न्यायचं टाळताय? दिव्याकडे बघून घाबरू नका, कागदाकडे बघायला घाबरू नका! एवढंच माझं मागणं.

आरती आता होईलच. पण कोणाला 'तू बस' म्हणून तुम्ही इथं आला असाल आणि जीव घरी ओढत असेल, तर आरतीला थांबू नका. खुशाल उठा. देव रागावायचा नाही!