दिल्लीचे ठोके आणि पत्र्याचा डबा

तुम्ही हसाल, पण सांगतो. जुन्नरला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा मी एक घड्याळ बनवलं. भंगारातल्या काचेच्या नळ्या, त्यांत नारिंगी आकडे पेटायचे. दिल्लीहून रेडिओवर वेळेचे ठोके येतात, ते ऐकून घड्याळ आपली वेळ आपणच लावणार. रविवारी, बाजारच्या दिवशी चालवून दाखवतो, असं मी साऱ्या आळीला सांगून बसलो.

शनिवार उजाडला तरी घड्याळातल्या रेडिओत नुसती खरखर. नळ्यांना वीज देणारा सप्लाय ती करत होता. शेजारी उस्मानभाई पत्र्याचे डबे बनवायचे. त्यांच्याकडून डबा करून घेतला आणि रेडिओ आत बंद केला. खरखर गेली. दिल्लीही गेली.

"आता जाड पत्र्याचा करा," मी म्हणालो.

"भाऊ, खरखर कोण करतंय?"

"सप्लाय."

"मंग रेडिओला कशापाई कोंडलंय? त्यानं काय गुन्हा केला? जो वरडतोय त्याला घाला की डब्यात."

मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मग गुपचूप रेडिओ बाहेर काढला, सप्लाय आत घातला, डब्याला अर्थिंग दिलं. ठोके स्वच्छ आले.

रविवारी दुकानापुढे गर्दी झाली. मी मुद्दाम चुकीची वेळ लावली होती. बघता बघता आकडे आपोआप बरोबर वेळेवर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सांगू लागलो, किती विचार केला, युक्ती कशी सुचली. थांबेचना.

मागून उस्मानभाई म्हणाले, "भाऊ, अजून एक डबा आणू का? तुमच्या मापाचा."