वाघाच्या वर्षातली बाई

टोफूच्या रांगेत फुमिएबाईंचे डोळे हातातल्या भांड्यावर होते आणि कान पुढच्या दोघींकडे. लढाईच्या त्या वर्षी तोक्योत फुकट मिळणारं तेवढंच उरलं होतं.

"आजी, या कंबरपट्ट्याला एक गाठ माराल? उद्या मुलगा लढाईवर निघतोय. हजार बायकांच्या हजार गाठी लागतात, अजून शंभर राहिल्यात."

"आण इकडे. सदुसष्ट मारते. वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला वयाइतक्या चालतात."

पंचांगात दर वर्षाला एका प्राण्याचं नाव असे, वाघामागून ससा. फुमिएबाईंना राहवेना. "ओत्सुनेआजी, तुम्ही तर सशाच्या वर्षातल्या ना? जन्मभर तेच सांगत आलात."

"वाघाच्या वर्षातली सून कोण करून घेतंय? आईनं माझ्या जन्माची नोंदच पुढच्या वर्षी केली."

"आणि आजोबा?"

"ते सशाबरोबर संसार करून सुखानं गेले."

"पण वाघाच्याच बायकांना एवढा मान का हो?"

"वाघ कितीही लांब गेला तरी घरी परत..."

त्या दोघींच्याही पुढे उभ्या असलेल्या, आळीच्या प्रमुख कुरोदाबाई वळल्या. मुलाला निरोप देताना 'परत ये' म्हणाली म्हणून गेल्या महिन्यात एका आईला पोलिसांनी नेलं होतं. खबर यांनीच दिली होती.

"काय म्हणालात, आजी?"

"वाघ कितीही लांब गेला तरी शत्रूला सोडत नाही, म्हटलं."

"सुई द्या."

मुलाच्या आईनं पट्टा पुढे केला. कुरोदाबाईंनी एक गाठ मारली. मग दुसरी. मग तिसरी.

"बाई, तुमची एक झाली की."

"कापड ताणून धर."